बिमारीचं हसू

माझं रडणं सुरू झालं ते म्हशीपासून.

अंगावरून वारं गेल्याला, म्हणजे दवाखान्याच्या भाषेत मेंदूचा झटका येऊन गेल्याला, महिना-सव्वा महिना झाला होता. मी ओसरीत बाजेवर बसलो होतो. जनावरांचे डॉक्टर म्हशीला इंजेक्शन द्यायला आले. म्हशीनं सुई टोचून घेतली, एकदा कान हलवला आणि पुन्हा कडबा खायला लागली. इकडं मी मात्र ढसाढसा रडायला लागलो. डॉक्टर बिचारे रिकामी सुई हातात धरून माझ्याकडं पाहत राहिले. बायको म्हणाली, "म्हशीवर लई जीव हाय त्यायचा." खरं म्हणजे त्या म्हशीनं मला दोनदा लाथ मारलेली आहे, आणि आमच्यात प्रेमाचा संबंध कधीच नव्हता.

मग ते रोजचंच झालं. शाळेतल्या पोरांची प्रभातफेरी घरासमोरून गेली, मी रडलो. टीव्हीवर खताच्या जाहिरातीतला शेतकरी पीक पाहून खूश झाला, मी रडलो. कुणी नुसतं "जेवले का?" विचारलं तरी रडू फुटायचं, आणि काय जेवलो हे सांगायचं राहून जायचं. दुःख असं काही नसायचं. मळमळ नसताना उलटी व्हावी तसा प्रकार. कधी त्याच्या उलटं, हसू यायचं. बायकोच्या हातून दुधाचं पातेलं सांडलं तेव्हा मी इतका हसलो की तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. चहा देत होती, पण कप असा ठेवायची की घरभर आवाज जावा.

आता मी गावात कोण होतो हे सांगायला पाहिजे, त्याशिवाय ह्यातली नामुष्की कळायची नाही. हिंगोलीकडच्या पुसेगावपासून आत आमचं गाव. तिथं लग्न असो, बारसं असो, पंगत उठेपर्यंत माणसं हसवत ठेवायचं काम माझ्याकडं. हे काम मला कुणी दिलेलं नाही, मीच घेतलेलं. भावकीतल्या सात पिढ्यांच्या गोष्टी मला पाठ, आणि ज्या पाठ नाहीत त्या मी जागेवर तयार करतो. पन्नाशी ओलांडली तरी लोक म्हणायचे, "ह्याचं तोंड म्हणजे मळणीयंत्र. चालू झालं की काडी बी बारीक, दाणा बी बारीक."

त्या तोंडाची उजवी बाजू आता जरा खाली ओघळली होती. उजवा हात कोपरात दुमडून पोटाला चिकटलेला, पाय मागून ओढत येणारा, जीभ जड, आणि वर हे रडणं. गावात लंगडा माणूस चालतो. बोबडा चालतो. रडका बाप्या चालत नाही. म्हणून घरात ठरलं, कुणी विचारलं तर सांगायचं, डोळ्यात कचरा गेला. त्या साली आमच्या गावातला सगळा कचरा माझ्याच डोळ्यात जात होता.

अशातच एके दिवशी दादा भेटायला आला.

दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. भिंतीला भिंत लागून घर, बांधाला बांध लागून शेत, आणि त्या बांधावर एक बाभूळ. ती बाभूळ मी त्याला न विचारता तोडली होती, आणि वर चारचौघांत त्याच्या नावानं एक चुटका केला होता. चुटका चांगला होता, लोक पोट धरून हसले. दादाला बाभळीपेक्षा तेच जास्त लागलं. नऊ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. बायकांचं मात्र सगळं चालू होतं. त्यांच्या घरचं विरजण संपलं की आमच्याकडून वाटी जायची, आमचं संपलं की तिकडून यायची. आम्ही दोघं बाप्ये ती वाटी डोळ्यांदेखत गेली तरी दिसली नाही असं करायचो.

पण दुखणं आलं की भावकीनं भेटायला जायचं, ही रीत भांडणापेक्षा मोठी. दादा आला, हातात बिस्किटाचा पुडा घेऊन. आत यावं की नाही अशा विचारात दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "कसं हाय?"

बस्स, एवढंच. आणि मी सुरू झालो.

दादा धावत आला. बाजेवर बसला, माझं डोकं छातीशी धरलं आणि स्वतःही रडायला लागला. "रडू नको रे येड्या. बाभळीचं काय घेऊन बसला? झाड व्हतं, गेलं. ते मनात ठेवून ठेवून तुला हे झालं व्हय?"

त्याला वाटलं, मला पश्चात्ताप झाला. खरं सांगायचं तर त्या घडीला बाभूळ माझ्या मनातसुद्धा नव्हती. पुडा कोणत्या बिस्किटाचा आहे एवढंच मी पाहत होतो. पण नऊ वर्षांचं भांडण आयतंच मिटत असताना मध्ये तोंड घालायला मी काही एवढा खुळा नव्हतो. मी आणखी थोडा रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा पुन्हा हजर. "ऊठ. दवाखान्यातल्या मॅडमनं चालायला सांगितलं म्हणं तुला. चाल."

दादाची चालवायची पद्धत म्हणजे गोऱ्हा शिकवायची पद्धत. तो कासरा धरल्यासारखी माझ्या सदऱ्याची बाही धरायचा. मी थांबलो की जिभेनं टक् टक् करायचा. आधी हापशापर्यंत, मग मारुतीपर्यंत, मग पार फाट्यापर्यंत. आणखी एक गोष्ट त्यानं केली, ती त्याला स्वतःलाही माहीत नसेल. बाकी सगळे माझं बोबडं बोलणं ऐकून "व्हय व्हय" करायचे आणि विषय बदलायचे. दादा रस्त्यात थांबून म्हणायचा, "काय कळलं न्हाई. पुना बोल." एकेक शब्द तीन-तीनदा बोलायला लावायचा. मी चिडायचो, तो म्हणायचा, "चिडला तवा बराबर कळलं. आता तेच धड बोल." माझी जीभ सुटली ती त्याच्या ह्या न कळण्यानं.

असे आठ महिने गेले. रोज मनात यायचं, त्याला सांगून टाकावं की बाबा, पहिल्या दिवशी मी रडलो ते तुझ्यासाठी नव्हतं. आणि रोज वाटायचं, उद्या सांगू. आज चांगलं चाललंय.

तुरी कापायच्या दिवसांत दादा शेतातच कोसळला. गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

अंगणात त्याला ठेवलं होतं. मला खाली बसता येत नाही, म्हणून लोकांनी माझी खुर्ची अगदी पुढं ठेवली, दादाच्या पायांजवळ. जवळचा माणूस म्हणून मान दिला. वहिनी उशाशी बसल्या होत्या, बायका त्यांच्या भोवती. त्याच्या पायांच्या टाचांना चिखल तसाच वाळलेला होता. तो ओल्या फडक्यानं पुसावा असं माझ्या मनात आलं, हे मला चांगलं आठवतं. आणि मग ते आलं. जुनं डिझेल इंजिन सुरू होताना आधी दोनदा फुसफुसतं, तसं आधी खांदे हलले. मी डावा हात तोंडावर दाबला. हातातूनही ते बाहेर आलं.

मी हसलो. लहान नाही, चांगला मोठ्यानं.

त्यात माझं तोंड हे असं. हसताना डावी बाजूच वर जाते, उजवी जागच्या जागी राहते. चांगल्या मनानं हसलो तरी टिंगल केल्यासारखं दिसतं. बायकांचा आवाज हळूहळू बंद झाला. माझं हसू मात्र बंद होईना. जितकं दाबावं तितकं जोरानं. दादाचा मुलगा, माझा पुतण्या, तीस वर्षांचा बाप्या, बापाच्या डोक्याशी उभा होता. माझ्याकडं न पाहताच तो म्हणाला, "ह्यायला घरी घेऊन जा."

बायकोनं मला धरून नेलं. दादाला पोचवायला मी गेलो नाही. मला कुणी नेलं नाही.

आमच्याकडं एक रीत आहे. ज्या घरात माणूस जातं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारची, भावकीची माणसं आपापल्या घरून भाकरी-पिठलं नेतात आणि त्या घरच्यांना बळंच चार घास खाऊ घालतात. त्याला कडू घास म्हणतात. बायकोनं भाकरी केल्या, टोपलीत घातल्या, फडकं झाकलं आणि भिंतीपलीकडं गेली. पाच मिनिटांत परत आली. फडकं तसंच होतं.

"काय झालं?"

"पोरगं म्हणलं, काकू, तुमच्या घरचं राहू द्या."

भांडणाच्या नऊ वर्षांतही असं झालं नव्हतं. मधल्या काळात चुलती, म्हणजे दादाची आई, गेली तेव्हा त्या घरानं आमच्याच भाकरी खाल्ल्या होत्या. ती टोपली चुलीजवळ तशीच राहिली. आणि काय सांगावं, म्हशीसाठी रडणारा मी, त्या टोपलीकडं पाहून माझ्या डोळ्यात टिपूस आला नाही.

गावानं दोन दिवसांत निकाल दिला. पारावरून बायकोच्या कानावर आला, तिनं मला सांगितला. "रडला ते नाटक व्हतं, हसला ते खरं." निकाल चांगला होता, मला मान्य करावं लागलं. असं वाक्य मलाही सुचलं नसतं. आणि त्यातला रडण्याचा अर्धा भाग खोटा आहे असं म्हणायची मला सोय नव्हती.

मी घरात बसलो. फिरणं बंद. मॅडमनं दिलेला मऊ चेंडू दाबायचा असतो, तो बाजेखाली गेला तो गेलाच. दहाव्याला भावकीतले बाप्ये डोकी भादरायला ओढ्यावर गेले. मला निरोप आला नाही. मी आरशात डोक्याकडं पाहिलं. भादरण्यासारखं तसंही फारसं नव्हतं. बायको म्हणाली, "जरा ओसरीत तरी येऊन बसा." मी म्हणालो, "कशाला? लोकायला टाइमपास?" तिनं माझ्या उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडायला सुरुवात केली. ती पुन्हा मिटत होती.

अकराव्या दिवशी हिंगोलीला दवाखान्याची तारीख होती. मी म्हणालो, येत नाही.

"बरं," बायको म्हणाली. "मी एकटी जाते. तुमच्या जागी मीच व्यायाम करून येते. निदान एकाचं तरी अंग चांगलं राहील."

काळीपिवळीत बसून गेलो. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम आमच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी हात हातात घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला. "काका, मागच्या वेळी बोटं इतकी सुटली होती. काय केलंत हे?" मी एक चुटका सांगायच्या बेतात होतो, तेवढ्यात बायकोनं सगळं सांगितलं. म्हशीपासून टोपलीपर्यंत. ती टोपलीचं सांगत असताना मला हसू आलं. बायकोनं कपाळाला हात लावला. "बघा. बघा हे."

मॅडमनी मला हसू दिलं. थांबल्यावर पाणी दिलं. मग म्हणाल्या, "काका, हे तुमचं हसू नाही. आजाराचं आहे. झटक्यानंतर काही जणांना होतं. हसण्या-रडण्याला मेंदूत एक लगाम असतो, तो सैल पडतो. मनात एक असतं आणि तोंडावर भलतंच येतं."

"म्हणजे मी येडा न्हाई झालो?"

"नाही."

"आन नालायक?"

"ते मी कसं सांगू?" त्या म्हणाल्या. "ते काकूंना विचारा."

त्यांनी सांगितलं की ह्यावर गोळीसुद्धा असते, मोठ्या डॉक्टरांना दाखवून घ्या. हसू येतंय असं वाटलं की खांदे सैल सोडायचे, श्वास लांब सोडायचा, नजर दुसरीकडं नेऊन काहीतरी मोजत बसायचं. "पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समोरच्याला आधीच सांगून टाकायचं, की मला असं होतं. लपवलं की जास्त येतं."

मला राग आला. "मॅडम, हे तुमी आधी काहून न्हाई सांगितलं?"

"मी दर वेळी विचारत होते की काका, मन कसं आहे. आणि तुम्ही दर वेळी मला एक चुटका सांगत होतात."

येताना गाडीत बायकोला म्हणालो, "वहिनीला तू सांग. तुमचं दोघींचं चांगलं हाय."

"काहून? हसले कोण?"

"मी, पण..."

"तोंड तुमचं, हसले तुमी, सांगा बी तुमीच. मी तुमची टोपली नेली व्हती, एवढं बास हाय."

माझी अडचण तिला माहीत नव्हती. हसणं बिमारीचं होतं असं सांगायला गेलो की वहिनी पुढचा प्रश्न विचारणार. वहिनी अशी बाई आहे की तिला पुढचा प्रश्न नेहमी सुचतो. आणि त्याचं खरं उत्तर दिलं तर दादाचे ते आठ महिने मी एका खोट्या रडण्यावर मिळवले, हे त्याच्या तेरवीला मला सांगावं लागणार. गप्प राहिलो तर गावाचा निकाल कायम. दोन दिवस मी नुसतं वाक्य पाठ करत होतो.

तेरवीच्या दिवशी सकाळी काठी टेकत भिंतीला वळसा घालून गेलो. अंगणात मांडव होता, कढया चढल्या होत्या. पुतण्या डोकं भादरलेला, उघडाच, पाण्याचं पिंप भरत होता. मला पाहून दारात आडवा झाला.

"काय काम हाय, काका?"

"वहिनीसंगं बोलायचंय."

"तिला तकलीफ देऊ नका."

आतून वहिनीचा आवाज आला. "येऊ दे."

वहिनी कोपऱ्यात घोंगडीवर बसल्या होत्या. पुतण्या माझ्या मागून आत आला आणि माझ्या पाठीशीच उभा राहिला. मी पाठ केलेलं म्हणायला लागलो. "वहिनी, मला बिमारी हाय. तिच्यात माझं तोंड माझ्या मनाचं ऐकत न्हाई. आता बी मला हसू येईल, पण ते माझं..."

'न्हाई' म्हणायच्या आत ते आलंच. पुतण्या पुढं सरकला. वहिनीनं त्याला हातानंच थांबवलं. मी खांदे सोडले, श्वास सोडला, पत्र्याखालचे वासे मोजायला लागलो. अकराव्या वाशाला हसू थांबलं.

"झालं?" वहिनी म्हणाल्या.

"झालं."

"आजून यीन?"

"सांगता येत न्हाई."

"तोंड हातात न्हाई, हसू हातात न्हाई. मंग हातात काय हाय तुमच्या?"

"डावा हात," मी म्हणालो. निघून गेलं तोंडातून. सवय.

वहिनी हसल्या नाहीत. माझ्याकडं पाहत राहिल्या आणि मला ज्याची भीती होती ते आलं. "मंग त्यायला पाहून रडले व्हते, ते?"

जन्मभर मी गोष्टीला मीठ-मसाला लावत आलो. तिथं एक चिमूट टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. पाठीमागं पुतण्याचा श्वास ऐकू येत होता.

"ते बी बिमारीचंच व्हतं, वहिनी. बाभूळ मला त्या टायमाला आठवली बी नव्हती. दादाला वाटलं मी पस्तावलो, आन मी त्याला तसंच वाटू दिलं." जीभ जड झाली. "पण नंतर आठ महिने त्याच्यासंगं चाललो, ते बिमारीचं नव्हतं. त्याला सांगणार व्हतो. रोज म्हणायचो, उद्या."

बाहेर कढईत झाऱ्याचा आवाज येत होता. वहिनीनं तिकडं कान दिला. मग मुलाला म्हणाल्या, "जा, खीर लागून जाईन. बघ तिकडं." तो गेला नाही. "जा म्हणलं ना."

तो गेल्यावर त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या डोळ्याला तर पाणीच न्हाई."

त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांनी मला भाऊजी म्हटलं.

"तेरा दिवस झाले. बाया येऊन राहिल्या, गळ्यात पडून राहिल्या, मी आपली कोरडीच. काल एक दुसरीला म्हणली, दगड हाय बाई. मला ऐकू आलं. खरं सांगू? त्या दिवशी तुमी हसले ते एका परीनं बरंच झालं. समदे तुमच्याकडं पाहत व्हते. माझ्याकडं कुणाचं ध्यानच गेलं न्हाई."

जिभेवर चुटका आला होता, तो मी गिळला. असं माझ्याबाबतीत फार वेळा झालेलं नाही.

"तुमच्या त्या मॅडमला इचारा," त्या म्हणाल्या, "न रडायची बी बिमारी असती का."

"इचारतो. पण मला न्हाई वाटत ती बिमारी हाय."

"मंग काय हाय?"

"म्हाईत न्हाई, वहिनी."

त्यांनी मान हलवली, जणू हे उत्तर त्यांना चाललं. पदर सारखा केला आणि एकदम नेहमीच्या आवाजात हुकूम सोडला. "पहिल्या पंगतीला बसायचं. बायकोला बी आणायचं. आन जेवायच्या आधी लोकायला सांगायचं, मला सांगितलं तसं. हसण्याचं तेवढं. पहिल्या दिवशीच्या रडण्याचं न्हाई सांगायचं. ते घरातलं हाय."

दुपारी पंगत बसली. सगळे खाली ओळीनं, आणि मी एकटा खुर्चीत, पुढं स्टूल, त्यावर ताट. शोकाच्या पंगतीत नवरदेव बसवल्यासारखा दिसत होतो. काही माणसांनी मला पाहून आपसांत मान वळवली. मी काठी टेकून उभा राहिलो. एरवी मला पंगतीत बोलायला उभं राहायची गरजच पडत नसे, मी बसूनच सगळ्यांना ऐकू जायचो.

"मंडळी, मला बिमारी हाय," मी म्हणालो. "कवा बी हसू येतंय, कवा बी रडू येतंय. मनात नसताना. त्या दिवशी दादापुढं जे झालं ते तसं झालं. आता बी होईल. मी ते लपवून ठेवलं, चूक माझी हाय."

गावातले सगळ्यात म्हातारे, ज्यांना सगळेच आबा म्हणतात, ते समोरच बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते मोठ्यानं बोलतात. "म्हणजे तू हसला तर आमी समजायचं काय?"

"काय बी समजू नका, आबा. इचारा."

"आन तू खरंच हसत असला तर?"

"तवा बी इचारा."

"हे बरं हाय," आबा शेजारच्याला म्हणाले. "आता ह्याच्या दर चुटक्याला आपणच इचारायचं, बाबा, हसायचं का रडायचं?"

ओळीतून दबकी खसखस गेली. तेरवीच्या पंगतीत जेवढी शोभते तेवढीच. कुणीतरी "बस आता खाली" म्हणालं, आणि त्या म्हणण्यात राग नव्हता. बायको बायकांच्या ओळीत बसली होती. तिनं माझ्याकडं पाहून डोळ्यांनीच खुणावलं: आता गप्प बसा.

मी बसलो. उजव्या हातानं पोळी मोडायचा प्रयत्न केला. बोटं निम्मीच उघडली, पण उघडली. डाव्या हातानं ताट धरलं. पुतण्या वरणाची बादली घेऊन ओळीतून येत होता, वाकून वाकून वाढत. चालताना उजवा खांदा जरा पुढं. दादा असाच चालायचा, हे मला आतापर्यंत कधी दिसलं नव्हतं. तो माझ्यापाशी आला, पळी भरली, आणि माझे खांदे हलायला लागले. तोंड वाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं, घशातून कसलातरी आवाज आला. आजूबाजूच्या माणसांचे हात घासापाशी थांबले.

पुतण्या तसाच वाकून उभा राहिला. पळीतून वरण बादलीत टपकत होतं.

"काका," तो हळूच म्हणाला, "हे खरं का बिमारीचं?"

मी श्वास सोडला. मांडवाचे बांबू मोजायला लागलो, तेही जमेना.

"मला बी कळून न्हाई राहिलं, बाबा," मी म्हणालो. "तू वाढ."

त्यानं वाढलं. जरा जास्तच वाढलं, भाताच्या आळ्यातून ताटात ओघळलं. मग बादली उचलून पुढच्या पानाकडं गेला.